राईला जायचा बेत

आमच्या घरी कुणी पाहुणं आलं आणि त्याची नजर माझ्या काठीवर गेली, की त्याने काही विचारायच्या आत आई सांगून मोकळी व्हायची, "पोर चालायची हाय अजून." मी तेव्हा चांगली तेवीस-चोवीस वर्षांची होते. सकाळी बाजारातून भाजी मी आणलेली असे, बंगल्यांवर जाऊन पडद्यांची मापं मी घेतलेली असत, आणि त्याच पाहुण्याच्या हातात चहाचा कपही मीच नेऊन दिलेला असे. तरी मी आपली चालायचीच. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाहुण्यांसमोर बोलता येत नसे, म्हणून मी आत जाऊन भांडी आपटायची.

मी तीन वर्षांची असताना तापात माझा डावा पाय लुळा पडला. पुढे त्यात थोडी ताकद आली, पण तो बारीक राहिला आणि आखूडही. ताप उतरत नव्हता तेव्हा आई मला आजीवर टाकून आपल्या माहेरी गेली होती. माहेर घाटमाथ्यावर. आमच्या लोणावळ्याहून औंढ्यावरून पुढे जायचं, बैलगाडीची वाट संपली की उतरायचं आणि रानातून वर चढायचं. त्या गावाला एक राई आहे. राई म्हणजे देवीच्या नावाने राखलेलं रान. आजूबाजूच्या डोंगरांवर सरकारने राखीव जंगलाचे दगड पुरले, त्याच्या किती पिढ्या आधीपासून गावाने ते राखलंय. आत कुऱ्हाड चालत नाही, कोयता चालत नाही, वाळून पडलेली काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. तिथे शेंदूर लावलेल्या दगडापुढे पदर पसरून आई बोलली होती, "लेक जगू दे. तिच्या पायांनी चालत तुझ्या दारी आनीन."

मी जगले. वडिलांनी मला एक लहानशी काठी करून दिली आणि सातव्या वर्षी मी अंगणभर फिरायला लागले. वडील म्हणाले, चला, आता नवस फेडून येऊ. आई म्हणाली, "तिच्या पायांनी म्हनलंय मी. काठीनं न्हाई." मी वाढले तशा काठ्या वाढत गेल्या. वडील गेले, दादाला रेल्वेत नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, घाटात विजेची इंजिनं आली, आणि नवस होता तिथेच राहिला. आई वाट बघत होती. कशाची, ते तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत होतं. एखाद्या सकाळी मी काठी कोपऱ्यात ठेवून तुरुतुरु चालत येईन, याची.

त्या हिवाळ्यात आईचा दमा बळावला. रात्री उशांना टेकून बसायची आणि नवसाचाच घोर करायची. "मी गेले नि नवस तसाच ऱ्हायला, तर त्यो तुला लागंल," म्हणायची. मला देवीची भीती नव्हती. खरं सांगायचं तर देवीवर माझा रागच होता. पण आईने मला अर्धवट समजत डोळे मिटावेत, हे मला मुळीच चालणार नव्हतं. आईला घेऊन राईला जायचं, तिच्या डोळ्यांदेखत देवीपुढे उभं राहायचं, आणि तेही होळीच्या आत, असं मी एका सकाळी मशीनवर बसल्या बसल्या ठरवलं. माझं मशीन हाताने फिरवायचं होतं. त्या दिवशी एका चोळीची बाही दोनदा उलटी लागली.

रात्री जेवताना मी बेत सांगितला. दादा म्हणाला, "हरकत नाही. डोली करू. दोन गडी बघतो."

"मी पार्सल आहे का? लेबल चिकटव आणि मालडब्यात टाक."

"अगं, चढ आहे. आईला तरी विचार."

आईने घास हातात धरून ठेवला होता. ती म्हणाली, "डोलीनं न्यायचं असतं तर वीस वर्सं कशाला थांबले असते?"

एवढ्या एका बाबतीत आम्हा दोघींचं एकमत होतं. मग मी माझी अट घातली. चढ काठीने चढणार. राईतली वाटही काठीनेच जाणार. पण देवीच्या समोर थोडी मोकळी जागा आहे असं आई सांगायची, तिथे पोचले की काठी वहिनीच्या हातात देईन आणि देवीपर्यंतची तेवढी पावलं काठीशिवाय टाकीन.  "तेवढी टाकशील?" आईने विचारलं. मी म्हटलं, टाकीन. "मंग चालंल," ती म्हणाली, आणि हातातला घास तोंडात घातला.

बेत ठरवणं सोपं, आखणं महाकठीण. आईला चैत्रातल्या यात्रेला जायचं होतं. मी साफ नाही म्हटलं. सगळं माहेर गोळा झालेलं असताना मी पावलं टाकायची आणि त्यांनी तोंडाला पदर लावून बघायचं, हे मला नको होतं. पावसाळ्यात त्या वाटेवर जळवा पायाला लागतात, आणि पाऊस सरल्यावरच्या थंडीत आईला धाप. शेवटी महाशिवरात्रीनंतरचा, थंडी ओसरलेली आणि ऊन अजून तापलेलं नाही असा एक दिवस धरला. दादाला रजा एकाच दिवसाची मिळत होती, त्यामुळे पहाटे निघून दिवेलागणीला परत यायला हवं होतं. औंढ्याचा एक गाडीवान रोज गवत घेऊन लोणावळ्याला यायचा, त्याची गाडी ठरवली. वाट राखीव जंगलातून जाते म्हणून दादाने जंगलखात्याच्या कचेरीत खेपा घालून परवानगीची चिठ्ठी आणली. तो रेल्वेतला माणूस, चिठ्ठीशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नसे. ऐन दिवशी ती चिठ्ठी विचारायला वाटेत चिटपाखरूसुद्धा भेटलं नाही. परतल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मी माझ्या तयारीला लागले. राईत वहाण चालत नाही. माझ्या डाव्या चपलेला चांभाराने जाड तळ लावून दिलेला होता, त्यामुळे दोन्ही पाय थोडेफार बरोबरीला येत. अनवाणी चालायचं म्हणजे डाव्या अंगाला झुकून प्रत्येक पावलाला काठीवर भार देणं आलं. मी रोज सकाळी लवकर उठून तुंगार्लीच्या चढावर अनवाणी चालायला लागले. तळपाय सोलून निघाले. वहिनी रात्री कोकमतेल चोळून द्यायची आणि म्हणायची, "वन्सं, देवीला तुमचे पाय हवेत की सालटी?" दुपारी दार लावून मी परसात काठीशिवाय पावलं टाकायची सवय करायची. सपाट जमिनीवर जमायला लागलं. पडायचे, पुन्हा उठायचे. आई खिडकीतून बघत असायची, ते मला कळायचं. मी वर बघत नसे.

तिकडे आई घरभर नेम सांगत फिरायची. चामड्याचं काही नको. लोखंडाचं पातं नको, सुपारीचा अडकित्तासुद्धा घरी ठेवायचा. आणि लाकडाचं काही नको. हा नेम आम्हाला नवा होता. आईने समजावून सांगितलं: राईत लाकूड न्यायला बंदी नाही, पण आत गेलेलं लाकूड परत बाहेर येत नाही. तुम्ही घरून आणलं की आतून उचललं, हे राखणदाराने ओळखायचं कसं? म्हणून लाकडाची वस्तू शिवेच्या आत गेली की ती राईची झाली. या एका नेमामुळे त्या रानातून चोरीची एक फांदी आजवर बाहेर गेलेली नाही, असं ती अभिमानाने सांगायची. मग चार दिवस ती लाकूड हुडकत होती. ओटीच्या सामानातला लाकडी करंडा काढून पितळी डबी घातली. वहिनीची फणी काढली. पिठल्याच्या भांड्यात लाकडी पळी होती, ती बदलली. दादा म्हणाला, "आई, तुझी हाडं तरी नेऊ ना?" त्यावर तिने त्याला पळी दाखवली.

ठरल्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. गाडीत गवत अंथरलं होतं, त्यावर आई पाय पसरून बसली. औंढ्याच्या पुढे उजाडलं. डोंगर सगळे पिवळे पडलेले होते, आणि त्या पिवळ्यात वर एका घळीत हिरवागार डाग दिसत होता. आईने बोट केलं नाही, नुसते हात जोडले. गाडीवाट संपल्यावर आम्ही उतरलो. चढाला आई दर वळणावर थांबायची, मी तिच्यासाठी थांबायची, आणि दोघीही एकमेकींना "तुझ्यासाठी थांबले" म्हणायचो. दादा भाकरीचं गाठोडं आणि छत्री घेऊन पुढे. वहिनी ओटीचं सामान घेऊन मागे.

राईच्या शिवेला रचून ठेवलेल्या दगडांची एक ओळ होती. अलीकडे ऊन, पलीकडे एकदम काळोखी. दगडांजवळ राखणदार आबा बसले होते. ते आईला तिच्या परकरापासून ओळखत होते. साठीला आलेल्या माझ्या आईला ते "ये पोरी" म्हणाले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही चपला काढल्या. आबांनी गाठोड्यात बघितलं, डबी उघडून बघितली, आणि दादाच्या हातातली छत्री घेऊन बाजूच्या दगडाला टेकवली.

"दांडा लाकडाचा हाय," ते म्हणाले.

दादा हसला. आईने कपाळावर हात मारून घेतला, "ही कशी ऱ्हायली!" आणि मग आबांची नजर माझ्या काठीवर आली.

 मला आधी कळलंच नाही. आबा म्हणाले, "ही आत नेली तर हितंच ऱ्हानार, पोरी. भाईर न्हाई येयाची."

दादा पुढे झाला. त्याने सांगून बघितलं, विनवून बघितलं. काठी बघा, जुनी आहे, रंधा मारलेली आहे, राईत अशी काठी कुठून येणार? आबा रागावले नाहीत, पण हललेही नाहीत. "आज हिची काठी सोडली तर उद्या कुनी खांब घिऊन यील, म्हनंल ह्यो बी घरचाच," ते म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. दादा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आत नेऊ आणि तिथेच सोडू. येताना मी पाठुंगळीला घेतो." म्हणजे पुन्हा पार्सलच.

मी आईकडे बघितलं. ती धापा टाकत दगडावर बसली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. वीस वर्षं थांबून, दम लागून, इथवर येऊन, अडलं ते शिवेवर. मला संताप आला. देवीचा, आबांचा, नवसाचा आणि त्या पायाचा. मी काठी छत्रीशेजारी टेकवली आणि दगडांची ओळ ओलांडली.

परसातली जमीन सपाट होती. इथे पाचोळा आणि त्याखाली मुळंच मुळं. पहिली काही पावलं पडली, मग डावा पाय कुठल्याशा मुळात अडकला आणि मी हातांवर पडले. दादा धावला. "कुणी हात लावायचा नाही," मी ओरडले. एका जांभळीच्या बुंध्याला धरून उठले, बुंधा सोडला, पुन्हा पडले. या वेळी गुडघा फुटला. उभं राहता येत नसेल तर बसत बसत, सरकत जाईन, पण जाईन, असं मी मनाशी म्हणत होते, आणि मोठ्यानेही म्हटलं असणार, कारण वहिनी रडायला लागली.

तेवढ्यात मागे आईचा आवाज आला. ती उठली होती. तिने माझी काठी उचलली होती आणि पदराने पुसत होती.

"आबा, माजं चुकलं," ती म्हणाली. बोलता बोलता तिला श्वास घ्यावा लागत होता. "चार दिस मी घरात लाकूड हुडकलं. करंडा काडला, फनी काडली, पळी काडली. ही काठी रोज डोळ्याम्होरं हुती. हिच्यावर माजा हात पडला न्हाई. का पडला न्हाई? मला ती कंदी लाकूड वाटलीच न्हाई. पाय हाय त्यो तिचा. पाय शिवंच्या भाईर ठिवून कुनी देवीच्या दारी येतं व्हय?"

मी पाचोळ्यात बसले होते, गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आईने मला दोन्ही पाय आहेत असं दुसऱ्या माणसाला सांगितलेलं मी ऐकलं. मला हुंदका फुटला. मी इतकी हट्टाला पेटले होते ते हेच ऐकण्यासाठी, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आबा वाकून काठीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "पाय हाय म्हनतीस?"

"व्हय."

"मंग तुजा नवस फिटला की हितंच, देवीच्या दारी. तिच्या पायांनी, असंच बोलली हुतीस न्हवं?"

 आई म्हणाली, "व्हय. सात वर्साची हुती, तवाच फिटला असता. मलाच दिसलं न्हाई."

"मंग आता आत कशाला जाता?" आबांनी विचारलं. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.  मी नाक पुसलं आणि म्हटलं, "राई बघायला, आबा."

"बगा की," ते म्हणाले. "राई बगायला कुनाला ना हाय?"

आईने काठी माझ्या हातात दिली. तिला ती द्यायला ओळ ओलांडून आत यावं लागलं, आणि आबा काही बोलले नाहीत.

मग आम्ही राई बघितली. आत इतकं गार होतं की आईची धाप बसली. अंजनीच्या खोडांना निळी फुलं चिकटून आली होती, फांदीवर, बुंध्यावर, कुठेही. गारंबीचा वेल माणसाच्या कमरेएवढा जाड होता आणि एका आंब्यावरून दुसऱ्यावर गेला होता. वर शेकरू ओरडलं तर दादा, एवढा बाप्या, दचकून वहिनीच्या मागे झाला. आई मला सगळं दाखवत होती. इथे आम्ही लहानपणी लपायचो, या झऱ्याचं पाणी चैत्रातही आटत नाही, या आंब्याचे आंबे पडतील तेवढेच खायचे, पण कोय इथेच टाकायची. इतकी वर्षं ती मला राईबद्दल सांगायची ते फक्त नवसाचं. त्या झऱ्याचं तिने एकदाही सांगितलं नव्हतं.

देवीपुढे मोकळी जागा होती, तिने सांगितली होती तशी. मी थांबले. इतके दिवस परसात पडून-उठून शिकलेली पावलं ती हीच. मी आईला विचारलं, "देऊ काठी वहिनीकडे?"

"कशाला? पडशील," आई म्हणाली आणि ओटीचं सामान मांडायला लागली.

दुपारी झऱ्याकाठी भाकरी खाल्ली. उरलेले तुकडेसुद्धा तिथेच ठेवायचे असतात, ते पाखरांचे. उन्हं कलायच्या आत निघणं भाग होतं. शिवेवर आबा उभे होते. राईतून बाहेर पडताना पाय झाडायचे, असा तिथला नेम आहे. तळव्याला चिकटून एक पानही बाहेर जाता कामा नये. दादाने पाय झाडले, छत्री घेतली. वहिनीने झाडले, शिवाय आबांनी तिला पदर झटकायला लावला. आईने झाडले. मी काठीवर भार देऊन उजवा पाय झाडला, मग दगडाला टेकून डावा झाडला, आणि ओळ ओलांडायला निघाले.

आबांनी हात आडवा धरला.

"पोरी, तिसरा ऱ्हायला," ते म्हणाले.

मी काठी उचलली, तिच्या टोकाला चिकटलेलं जांभळीचं पान काढून आत टाकलं, आणि बाहेर आले.